एका मिरचीचं ऑडिट

एकच मिरची होती. चार महिने खिडकीतल्या कुंडीशी झटून मिळवलेली, करंगळीच्या पेराएवढी, एकुलती एक. ती काल काकांनी तोडली आणि शर्टाच्या खिशात टाकली. "नमुना," म्हणाले.

काका म्हणजे आमच्या मावशीचे यजमान. जन्मभर बँकेत ऑडिट केलं, आता जे समोर येईल त्याचं करतात. दोन मिनिटांसाठी आले होते. दाराबाहेर चपला काढता काढताच त्यांना ते झाड दिसलं.

झाडाची पानं महिनाभरापासून आक्रसली होती. शेतकरी याला चुरडामुरडा म्हणतात, बोकड्याही म्हणतात. मी याला माझा दोष म्हणत होतो, कारण बाकी सगळेही तेच म्हणत होते. घरातल्या झाडाला काहीही होवो, बघणारा पहिलं वाक्य एकच टाकतो, "पाणी जास्त होतंय." मी पाणी कमी केलं. आठवड्याने तोच माणूस म्हणाला, "पाणी कमी पडतंय." आधीचं बोलणं त्याला आठवत नव्हतं. मला अजून आठवतंय.

मग मी वाचायला बसलो, आणि ते जास्त महागात पडलं. खालची जुनी पानं सरसकट पिवळी पडली तर नत्र कमी. जुन्याच पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तर मॅग्नेशियम. तेच चित्र कोवळ्या पानांवर दिसलं तर लोह. का, तर नत्र आणि मॅग्नेशियम झाड जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं, लोह मात्र एकदा बसलं की जागचं हलत नाही. सरकारी खात्यासारखं. आणि मातीचा सामू, म्हणजे पीएच, बिघडला असेल तर कुंडीत सगळं असूनही मुळांना त्यातलं बरंच उचलता येत नाही. माझ्या झाडावर यातलं प्रत्येक लक्षण एकेका पानापुरतं होतं. म्हणून मी सगळंच दिलं. नत्र तर दोनदा, कारण पहिल्यांदा दिल्याचं विसरलो. पानं गर्द हिरवी झाली, टोकं करपली आणि पानं अजूनच आक्रसली. झाडाला उजेड मिळावा म्हणून वर जांभळा दिवा लावला, तर समोरच्या इमारतीतले लोक माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागले. तो विषय नको.

तर काका. खुर्ची ओढून कुंडीसमोर बसले.

"खत कधी दिलंस?"

"मधे मधे देतो."

"मधे मधे ही तारीख नाही. नोंद कुठाय?"

"काका, झाड आहे ते."

"म्हणूनच विचारतोय. ते स्वतः सांगणार नाही."

मग त्यांनी खिशातून भिंग काढलं. दहापट मोठं दाखवणारं, सह्या तपासायचं. निवृत्तीनंतरही हा माणूस भिंग जवळ बाळगतो, हे मला काल कळलं. त्यांनी एक पांढरा कागद मागितला. मी वीजबिलाची पाठ दिली. ती शेंड्याखाली धरून त्यांनी फांदीला टिचकी मारली. कागदावर पिवळसर कण पडले, मिलिमीटरभर लांबीचे.

"धूळ आहे," मी म्हणालो.

काकांनी कागद माझ्या नाकाखाली धरला. "धूळ चालते का रे?"

चालत होती. चांगली तुरुतुरु, बिलाच्या कडेकडे.

"फुलकिडे. पानाच्या कडा होडीसारख्या वर वळल्यात, त्या यांच्यामुळे. आणि ही शेंड्याची पानं उलटी, खाली वळलेली, देठ लांबलेले. हा कोळी. जाळं विणणारा नव्हे, माइट म्हणतात तो. साध्या डोळ्यांना दिसत नाही."

"मग आधी कडुनिंबाचं तेल मारलं ते..."

"कधी?"

"परवा."

त्यांनी डोळे मिटून घेतले. कोळी हा कीटक नव्हे, त्याला आठ पाय. कीटकांवरचं प्रत्येक औषध त्याला लागू पडत नाही, गंधक चालतं. पण तेल मारल्यावर दोन आठवड्यांच्या आत गंधक मारलं तर पानं भाजतात. म्हणजे आता दोन आठवडे हातावर हात ठेवून बसायचं.

"आणि इतकं नत्र घालून तू पानं लुसलुशीत केलीस. रस शोषणाऱ्यांसाठी यजमानपणच केलंस म्हण."

हे त्यांनी फार सुखाने म्हटलं. मला राग आला, तो चुकल्याचा नाही. महिनाभर मी मूलद्रव्यांचा अभ्यास करत होतो आणि पान उलटून खालची बाजू बघायचं मला सुचलं नाही. ज्यांनी ज्यांनी पाण्याचा सल्ला दिला, त्यांतल्याही एकाने पान उलटलं नव्हतं. त्यांना मात्र कोणी भिंगातून बघणार नाही. पानाचा फोटो पाठवला की प्रत्येक जण क्षणात निदान करतो. आणि वर वळलेलं पान फोटोत कधी कधी खाली वळलेलंही दिसतं, हे मी आता शपथेवर सांगू शकतो.

काका उठले, शेंडा खुडायला सांगितलं, खुडलेलं पिशवीत बांधून टाकायला सांगितलं, महिनाभर खत बंद म्हणाले. सगळं बरोबर होतं. मग जाता जाता हात पुढे केला आणि मिरची तोडली.

आज सकाळी साडेसातला त्यांचा फोन आला. मला वाटलं, झाडाची चौकशी असेल.

"अरे, तुझी मिरची तिखटच नाही. पाणी जास्त होतंय का बघ."