कॅनडाची मासिकं खरंच सरकारनं विकत घेतली आहेत?

सप्टेंबर २०२३ मध्ये खलिस्तानवादी हरदीपसिंग निज्जर यांच्या कॅनडातल्या हत्येवरून भारत आणि कॅनडाचं फाटलं. तेव्हापासून आपल्याकडच्या व्हॉट्सॲप गटांत एक दावा ठाण मांडून बसलाय: तेव्हाचे पंतप्रधान जस्टिन ट्रूडोंनी साठ कोटी डॉलर वाटून कॅनडाची सगळी पत्रकारिता विकत घेतली, तिथली ‘स्वतंत्र’ मासिकं सरकारच्या ताटाखालची मांजरं आहेत, आणि दम असता तर ती वाचकांच्या पैशावर जगली असती. सरकारी पैसा घेणाऱ्या पत्रकाराकडे संशयानं पाहावंच. पण या दाव्यातला जवळजवळ प्रत्येक तपशील चुकलाय.

आधी साठ कोटींचं. २०१८ च्या अखेरीस जाहीर झालेली ही तरतूद पाच वर्षांसाठी सुमारे ५९.५ कोटींची होती आणि ती मुख्यतः करसवलतींची होती. बातमीदाराच्या पगारावर २५ टक्के परतावा, तोही वर्षाला ५५ हजार डॉलर पगारापर्यंतच. (२०२३ पासून हे ३५ टक्के आणि ८५ हजार झालं.) शिवाय कला, क्रीडा, जीवनशैली अशा एकाच विषयाला वाहिलेल्या प्रकाशनांना त्यात जागाच नव्हती. म्हणजे तिथली कितीतरी सांस्कृतिक मासिकं या योजनेच्या दारातही उभी राहू शकत नव्हती.

मासिकांसाठीचा निधी वेगळा आहे, आणि तो ट्रूडोंनी सुरू केलेला नाही. कॅनडा पिरिऑडिकल फंड २०१० चा, स्टीफन हार्पर यांच्या काँझर्व्हेटिव्ह सरकारच्या काळातला. त्याआधीही मासिकांसाठी योजना होत्या; टपालखर्चातली सवलत तर एकोणिसाव्या शतकापासूनची. रक्कम ठरवताना किती प्रती पैसे मोजून घेतल्या गेल्या हे पाहिलं जातं, अग्रलेख कुणाच्या बाजूचा आहे हे नाही.

‘खाल्ल्या मिठाला जागतात’ हा आरोप सर्वांत गंभीर, म्हणून त्याच्याकडे नीट पाहू. सप्टेंबर २०१० मध्ये ‘मॅक्लीन्स’ या कॅनडातल्या वृत्तनियतकालिकानं क्युबेकला देशातला सर्वांत भ्रष्ट प्रांत ठरवणारा अंक काढला. मुखपृष्ठावर क्युबेकच्या हिवाळी उत्सवाचा लाडका हिममानव, हातात नोटांनी भरलेली बॅग. गहजब झाला. कॅनडाच्या संसदेनं खेद व्यक्त करणारा ठराव एकमतानं केला. ‘मॅक्लीन्स’ तेव्हा मासिकांच्या सरकारी निधीच्या मोठ्या लाभार्थींपैकी एक होतं! अख्खी संसद विरोधात गेली तरी निधीची दारं त्याला बंद झाली नाहीत. पुढे २०११ मध्ये क्युबेक सरकारनंच बांधकाम कंत्राटांतल्या भ्रष्टाचारावर चौकशी आयोग नेमला.

‘द नार्व्हाल’ हे पर्यावरणाला वाहिलेलं ना-नफा ऑनलाइन मासिक. नोंदणीकृत पत्रकारिता संस्था म्हणून सरकारनं त्याला मान्यता दिलीय, त्यामुळे देणगीदारांना करसवलत मिळते. नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्रिटिश कोलंबियात वेट्सुवेटन आदिवासींच्या भूमीवर वायुवाहिनीविरोधी आंदोलन टिपत असताना त्याच्या छायाचित्रकार ॲम्बर ब्रॅकन यांना पोलिसांनी अटक केली. तीन रात्री कोठडीत काढाव्या लागल्या. आरोप नंतर मागे घेतले गेले, पण प्रकरण तिथे संपलं नाही: फेब्रुवारी २०२३ मध्ये ब्रॅकन आणि मासिकानं संघराज्य पोलीस दलालाच न्यायालयात खेचलं. विकली गेलेली माणसं असं वागत नाहीत.

राहिला बाजाराचा मुद्दा. कॅनडातल्या इंग्रजी मासिकाशेजारी त्याच भाषेतली अमेरिकी मासिकं ठेवलेली असतात. त्यांचा संपादनखर्च अमेरिकेत आधीच वसूल झालेला. त्यात थोड्या कॅनेडियन जाहिराती घातल्या की झाली ‘कॅनडा आवृत्ती’, आणि जाहिरातीचा दर स्थानिक मासिकाला परवडणारच नाही इतका खाली. अशा आवृत्त्या सीमेवरून आणायला १९६५ पासून बंदी होती. १९९३ मध्ये ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’नं उपग्रहावरून पानं पाठवली आणि अंक कॅनडातच छापला! सरकारनं त्या जाहिरातींवर ८० टक्के कर लावला. १९९७ मध्ये जागतिक व्यापार संघटनेनं तो नियमबाह्य ठरवला. अशा मैदानात ‘दम असेल तर टिका’ म्हणणं सरळसरळ अन्याय आहे. महाराष्ट्रातही वैचारिक नियतकालिकं केवळ वर्गणीवर कधी चालली? साहित्य संस्कृती मंडळाचं अनुदान घेणाऱ्या संपादकाला आपण विकला गेलेला म्हणत नाही, आणि म्हणूही नये.

एक शंका मात्र रास्त आहे. पगारावरच्या परताव्यासाठी कोण पात्र, याची शिफारस करणारं मंडळ सरकारच नेमतं आणि अंतिम निर्णय करखात्याचा असतो. ही रचना मला पटत नाही. नेमणूक सरकारच्या हातून काढायला हवी. मासिकांचा कणा कुठे मोडतोय हे पाहायचं असेल, तर ऑगस्ट २०२३ कडेही पाहा. बातम्यांसाठी मोबदला द्यायला लावणाऱ्या कायद्यावरून मेटानं कॅनडात फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरून बातम्याच काढून टाकल्या. छोट्या मासिकांचा नव्या वाचकांकडे जाणारा मोठा रस्ता त्यामुळे बंद झाला, आणि तो सरकारनं नाही, एका खासगी कंपनीनं बंद केला.