राजाने पिवळा तारा लावलाच नव्हता

डेन्मार्कचा राजा दहावा ख्रिस्तियन याच्याबद्दलचा मजकूर पुन्हा फिरतो आहे. नाझींनी ज्यूंना ओळखीसाठी कपड्यांवर पिवळा तारा लावायचा हुकूम काढला, दुसऱ्या दिवशी राजाच तारा लावून घोड्यावरून निघाला, मग अख्ख्या कोपनहेगनने तारे लावले आणि हुकूम मागे घ्यावा लागला, असं त्यात म्हटलंय.

पहिलं म्हणजे, असा हुकूम निघालाच नाही. जर्मनीत सप्टेंबर १९४१ पासून ताऱ्याची सक्ती झाली, डेन्मार्कमध्ये कधीच नाही. एप्रिल १९४० मध्ये देश ताब्यात घेऊनही जर्मनांनी तिथलं सरकार आणि पोलीस कायम ठेवले होते. डेन्मार्कचं लोणी-मांस जर्मनीला वेळेवर येत होतं; ज्यूंना हात लावला असता तर ही घडी विस्कटली असती.

घोडा मात्र खरा. राजा सकाळी पहारा न घेता एकटाच शहरातून रपेट मारायचा. ऑक्टोबर १९४२ मध्ये घोड्यावरून पडून तो जबर जखमी झाला. ज्यूंची धरपकड सुरू झाली ती त्यानंतर वर्षभराने. लोकांच्या कोटांवर बिल्ले होते तेही खरं, पण ते राजाच्या सत्तरीनिमित्त काढलेले, मुकुट आणि त्याची आद्याक्षरं असलेले.

मग तारा आला कुठून? सप्टेंबर १९४१ मध्ये राजाने रोजनिशीत लिहिलं की अशी मागणी आलीच तर आपण सगळ्यांनीच तारा लावणं उत्तम. जानेवारी १९४२ मध्ये एका स्वीडिश दैनिकातल्या व्यंगचित्रात त्याच्या तोंडी हेच उत्तर होतं. ‘लावू’चं ‘लावला’ पुढे सांगणाऱ्यांनी केलं.

ज्यू वाचले ते वेगळ्याच वाटेने. १९४३ च्या सप्टेंबरअखेर डुकविट्झ या जर्मन अधिकाऱ्याने धरपकडीची बातमी फोडली आणि सात हजारांहून अधिक ज्यू बहुतेक मासेमारी होड्यांतून स्वीडनला पोचले. सुमारे ४७० जण सापडले. त्यांना तेरेझिनच्या नाझी छावणीत नेलं. राजा तेव्हा सॉर्गेनफ्री राजवाड्यात जर्मनांच्या नजरकैदेत होता. त्याने जर्मन प्रतिनिधी बेस्टकडे निषेध पाठवला, तेवढंच त्याच्या हातात होतं.

त्याचा धाकटा भाऊ, नॉर्वेचा राजा सातवा होकून, लंडनहून लढा चालवत होता. ख्रिस्तियन मायदेशी राहिला, म्हणून त्याला भित्रा ठरवणारेही आहेत. पण १९४२ मध्ये त्याच्या बहात्तराव्या वाढदिवसाला हिटलरने लांबलचक शुभेच्छांची तार केली, तेव्हा त्याने उलट पाठवलं: ‘मनःपूर्वक आभार. राजा ख्रिस्तियन.’ हिटलर इतका चिडला की त्याने आपला राजदूत माघारी बोलावला आणि पुढे बेस्टला पाठवलं.