जोन्स नेमके कुणाचे? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘जोन्स’ हे वेल्श आडनाव आहे, असं मी माझ्या लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचे आक्षेप दोन. वेल्श, म्हणजे ब्रिटनमधल्या वेल्सची भाषा. तिच्या वर्णमालेत मुळात ‘जे’ हे अक्षरच नव्हतं, तेव्हा ‘जोन्स’ला वेल्श आडनाव म्हणणं हे अज्ञान. आणि अमेरिकेतले सगळे जोन्स मी परस्पर वेल्सच्या खात्यात जमा केले. पहिला आक्षेप अर्धा मान्य, दुसरा पूर्ण मान्य. ‘अज्ञान’ तेवढं मागे घ्या!

‘जे’चं म्हणणं खरंच आहे. शेवटचा ‘स’सुद्धा इंग्रजी षष्ठीचा, जॉनचा तो जोन्स. म्हणजे शब्द इंग्रजीच. पण शब्द कुठून आला आणि आडनाव कुणाचं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. फडणीस, चिटणीस, पारसनीस यांतला ‘नीस’ म्हणजे फारसीतला ‘नवीस’, लिहिणारा. म्हणून कुणा पारसनीसांना आपण इराणी ठरवत नाही.

वेल्समध्ये पूर्वी पिढ्यान्‌पिढ्या चालणारं आडनाव नसायचं. ‘आप’ म्हणजे मुलगा. ऱ्हीसचा मुलगा ‘आप ऱ्हीस’, हवेलचा मुलगा ‘आप हवेल’. त्यांचेच पुढे प्राइस आणि पॉवेल झाले. सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीने वेल्स इंग्लंडला जोडलं आणि कोर्टकचेरीची भाषा इंग्रजी केली. बड्या घरांनी आडनावं लवकर ठरवली. सामान्यांची, विशेषतः उत्तरेकडच्या डोंगराळ भागातली, ठरायला अठरावं शतक उजाडलं, काहींची तर एकोणिसावं. तोवर बायबलमधली मोजकी नावं घरोघरी झाली होती आणि त्यांत जॉन भरपूर. ज्याच्या बापाचं नाव जॉन, तो जोन्स.

उदाहरण आपल्या ओळखीचं आहे. कलकत्त्यात १७८४ साली एशियाटिक सोसायटी स्थापन करणारे, ‘शाकुंतल’ इंग्रजीत नेणारे सर विल्यम जोन्स. त्यांचे वडीलही विल्यम, वेल्सच्या अँगलसी बेटावर १६७५ साली जन्मलेले गणिती. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांच्या गुणोत्तराला ‘पाय’ हे चिन्ह १७०६ साली त्यांनीच दिलं. आणि या गणितज्ञांचे वडील गावात ‘शॉन शोर’ म्हणून ओळखले जात, म्हणजे जॉर्जचा जॉन. आजोबा शॉन, म्हणून मुलगा जोन्स, म्हणून नातूही जोन्स. आपण मधलं नाव म्हणून बापाचं नाव लावतो, ते एका पिढीत गोठून आडनाव झालं, इतकंच.

आता सगळ्यात गंमत. आज वेल्समध्ये शंभरातले पाच-सहा जण जोन्स आहेत, पण हे प्रमाण सगळीकडे सारखं नाही. सर्वांत दाट ते वायव्येला, ग्विनेथच्या बाजूला. म्हणजे जिथे घरात, दुकानात अजून वेल्श बोलली जाते तिथेच! उलट इंग्रजीचा पगडा जुना असलेल्या दक्षिण पेम्ब्रोकशायरमध्ये ते विरळ. तुमच्या ‘जे’च्या मुद्द्याला याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. गावात इतके जोन्स की दूधवाला ‘जोन्स द मिल्क’ आणि पाववाला ‘जोन्स द ब्रेड’. (अर्ध्या गावाचं आडनाव पाटील असलं की आपल्याकडे हाच उद्योग चालतो.) २००६ साली कार्डिफमध्ये १,२२४ जोन्स एकाच ठिकाणी जमले आणि तो जागतिक विक्रम ठरला.

अमेरिकेबाबत मात्र चूक माझीच. तिथे २०१० च्या जनगणनेत चौदा लाखांहून जास्त जोन्स होते, क्रमांक पाचवा. त्यांतले सुमारे ३८ टक्के कृष्णवर्णीय. गुलामगिरीत मालकाचं आडनाव चिकटलेले किंवा मुक्त झाल्यावर स्वतःहून ते निवडलेले लोक यांचे पूर्वज. त्यांचा वेल्सशी रक्ताचा संबंध गृहीत धरता येत नाही. शिवाय इंग्लंडमधूनही जोन्स गेलेच. ते वाक्य मूळ लेखातून काढलं आहे.

त्याऐवजी पॅटागोनियाचा परिच्छेद घातलाय. १८६५ मध्ये ‘मिमोसा’ जहाजातून दीडशेच्या आसपास वेल्श माणसं अर्जेंटिनात उतरली, आपली भाषा जपता यावी म्हणून. त्या वसाहतीचे एक पुढारी लुईस जोन्स. त्यांच्या नावाचं शहर आजही तिथे आहे: त्रेलेऊ, म्हणजे ‘ल्यूचं गाव’. नाव घेतलं ते लुईसमधलं. जोन्स ठेवलं असतं तर कुठला जोन्स, हे विचारावं लागलं असतं.