सहा संघ नव्हते, पाच होते

रविवारी सकाळी बास्केटबॉलचा सराव सुरू व्हायच्या आधी एका मुलाचे बाबा मोबाइल पुढे करत आले. "सर, हे जरा पोरांना वाचून दाखवा ना. बळ येईल." दोन ओळी वाचल्या आणि ओळखलं. हा मजकूर पालकांच्या ग्रुपवर दर उन्हाळी शिबिराच्या तोंडावर उगवतो. थोडक्यात असा:

"अमेरिकेतल्या एका खेड्यात डेव्हिडसन नावाचं कॉलेज आहे. कोणी नावही ऐकलेलं नाही. तिथून एनबीएत कधीच कोणी गेलं नव्हतं. तिथे सामान्य घरातला एक बुटका मुलगा शिकत होता. मोठ्या कॉलेजांनी त्याला हाकललं होतं. ड्राफ्टमध्ये सहा संघांनी नाकारलं. त्याने शिक्षणावर पाणी सोडलं आणि फक्त घाम गाळला. तोच आज स्टीफन करी आहे. कॉलेज, ड्राफ्ट, डिग्री सगळं झूट. मेहनत एके मेहनत." खाली हात जोडल्याची दोन चित्रं.

करी म्हणजे एनबीएतला, अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधला, वॉरियर्सचा नावाजलेला खेळाडू. त्याच्या मेहनतीबद्दल मी चकार शब्द काढणार नाही. पण या मजकुरातलं एक वाक्य सोडलं तर बाकी एकही धड उभं राहत नाही. ते एक वाक्य मोठ्या कॉलेजांबद्दलचं, आणि तेही अर्धंच.

आधी "तिथून कधीच कोणी गेलं नव्हतं" हे घेऊ, कारण मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो.

ड्राफ्ट म्हणजे संघांनी दरवर्षी ठरलेल्या क्रमाने नव्या खेळाडूंची नावं घ्यायची. तर १९६५ चा एनबीए ड्राफ्ट. त्या काळी एक 'टेरिटोरियल' नियम होता. आपल्या परिसरातल्या कॉलेजचा खेळाडू एखाद्या संघाला हवा असेल, तर पहिल्या फेरीतला आपला हक्क सोडून तो त्याला थेट घेऊ शकायचा. त्या वर्षी असे तीन खेळाडू आधीच उचलले गेले, त्यांत प्रिन्स्टनचा बिल ब्रॅडली न्यूयॉर्ककडे गेला. पुढच्या वर्षीपासून हा नियमच गेला. तर ते तिघे वगळून खरी निवड सुरू झाली, तेव्हा पहिल्या क्रमांकावर नाव पुकारलं गेलं फ्रेड हेट्झेलचं. कॉलेज डेव्हिडसन. निवडणारा संघ सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्स.

हो, तेच वॉरियर्स, ज्यांनी ४४ वर्षांनी करीला घेतलं.

आदल्या मोसमात वॉरियर्सनी ८० पैकी फक्त १७ सामने जिंकले होते, आणि त्या ड्राफ्टमधली दुसरी निवडही त्यांचीच होती. दुसऱ्या निवडीत त्यांनी घेतलेल्या खेळाडूचं नाव रिक बॅरी. बॅरी पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला, १९७५ ला त्याने वॉरियर्सना विजेतेपद मिळवून दिलं. म्हणजे एका संघाने रिक बॅरीच्या आधी डेव्हिडसनच्या पोराचं नाव घेतलं होतं, आणि आपला मजकूर म्हणतो कॉलेजचं नाव कोणी ऐकलेलं नाही! हेट्झेल बॅरीएवढा मोठा झाला नाही हे खरं. १९६७-६८ च्या मोसमात सामन्याला सरासरी १९ गुण केले, मग संघ बदलत राहिला. पण "कधीच कोणी नाही" आणि "देशात पहिला" यांत काही फरक आहे की नाही?

लगेच पुढच्या वर्षी, १९६६ मध्ये, त्याच कॉलेजचा डिक स्नायडर सेंट लुइस हॉक्सनी दुसऱ्या फेरीत घेतला. तो १३ मोसम खेळला. १९७६ च्या प्लेऑफमध्ये क्लीव्हलँडकडून वॉशिंग्टनविरुद्ध सातव्या सामन्यात, शेवटची चार सेकंदं उरली असताना, त्याने बोर्डावरून चेंडू आत घातला. ८७-८५. त्या गावचे म्हातारे अजून त्या बास्केटची गोष्ट सांगतात. १९७९ ला सिएटलबरोबर तो विजेताही झाला. गंमत म्हणजे १९६९ मध्ये डेव्हिडसनचा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीच्या उंबरठ्यावरून नॉर्थ कॅरोलिनाविरुद्ध परतला, तोही शेवटच्या क्षणी, आणि तिथेही आकडा ८७-८५ च. आदल्या वर्षी त्याच उंबरठ्यावर, त्याच संघाने अडवलं होतं. तेव्हाचे प्रशिक्षक लेफ्टी ड्रिझेल. करीच्या जन्माआधी वीस वर्षं हे कॉलेज देशातल्या पहिल्या आठांत सलग दोनदा होतं.

"खेड्यातलं कॉलेज" हे म्हणायला ठीक. शार्लट शहरापासून तीसेक किलोमीटरवर, जेमतेम दोन हजार विद्यार्थी. पण स्थापना १८३७ ची. वुड्रो विल्सन, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले, वर्षभर इथे शिकले. परराष्ट्रमंत्री डीन रस्क इथलेच पदवीधर. कित्येक वर्षं इथल्या विद्यार्थ्यांचे कपडे कॉलेजच्या लाँड्रीत फुकट धुऊन मिळायचे. आपल्याकडच्या हॉस्टेलमध्ये राहिलेल्या माणसाने हे वाचून एक सुस्कारा सोडावा आणि पुढे जावं.

आता "सामान्य घरातला". याला काय म्हणावं! वडील डेल करी, व्हर्जिनिया टेकचे, १९८६ च्या ड्राफ्टमध्ये १५ वी निवड, एनबीएत १६ मोसम, १९९४ ला 'सिक्स्थ मॅन ऑफ द इयर', म्हणजे बाकावरून येणाऱ्यांतला सर्वोत्तम. आई सोन्या त्याच कॉलेजची व्हॉलीबॉलपटू. पोराचं लहानपण एनबीएच्या सरावाच्या कोर्टवर चेंडू गोळा करण्यात गेलं. हे घर सामान्य असेल तर माझं घर काय झोपडी म्हणायचं?

या घराचा खरा फायदा पैशाचा नव्हता. शाळेत असताना स्टीफन चेंडू कमरेजवळून फेकायचा, कारण वरून फेकायला अंगात ताकद नव्हती. वडिलांनी एका उन्हाळ्यात ती सवय मोडायला घेतली. हात कपाळाच्या वर न्यायचे आणि तिथूनच सोडायचे. ते काही आठवडे त्याला बास्केटच्या अगदी जवळूनही नेम लागेना, मागच्या अंगणात रडकुंडीला यायचा. ज्याने कधी बारा वर्षांच्या मुलाची फेक बदलून पाहिली आहे त्याला ठाऊक आहे, पहिल्या महिन्यात मुलगा आधीपेक्षा वाईट खेळतो आणि पालक आपल्याकडे संशयाने बघतात. १६ मोसम खेळलेला बाप शेजारी उभा असेल तर तो महिना निभावतो. मेहनत होतीच, पण कुठे घाम गाळायचा हे सांगणारा घरात होता.

"मोठ्या कॉलेजांनी हाकललं." हेच ते अर्धं खरं वाक्य. हाकललं नाही, बोलावलंच नाही. आईवडिलांच्या व्हर्जिनिया टेकने सुद्धा स्कॉलरशिप देऊ केली नाही, हवं तर तशीच संघात ये म्हणाले. तेव्हा तो खरंच काटकुळा होता. (बुटका मात्र नव्हे. आजची उंची सहा फूट दोन इंच. आमच्या कोर्टवर आला तर सगळ्यांत उंच तोच असेल.) पण मजकूर इथे थांबतो आणि ज्या माणसाने त्याला बोलावलं त्याचं नावच घेत नाही. बॉब मॅककिलॉप, १९८९ पासून २०२२ पर्यंत डेव्हिडसनचे प्रशिक्षक. करीचा कॉलेजचा पहिलाच सामना ईस्टर्न मिशिगनशी होता. त्यात त्याने १३ वेळा चेंडू घालवला. तेरा! आमच्याकडे पाचव्या चुकीला पोरगं बाकावर येतं आणि त्याचे बाबा गेटवर. मॅककिलॉपनी त्याला दुसऱ्या दिवशी मिशिगनविरुद्ध पुन्हा सुरुवातीपासून खेळवलं. ३२ गुण. कोणीच विश्वास ठेवला नाही म्हणणाऱ्यांनी ते दोन दिवस एकदा नीट बघावेत.

मग मार्च २००८, कॉलेजांची तीच राष्ट्रीय स्पर्धा. गोंझागाविरुद्ध ४० गुण, जॉर्जटाउनविरुद्ध ३०, विस्कॉन्सिनविरुद्ध ३३. डेट्रॉइटच्या सामन्यांना जाता यावं म्हणून कॉलेजच्या विश्वस्तांनी विद्यार्थ्यांच्या बस, तिकिटं आणि हॉटेलचा खर्च उचलला. विस्कॉन्सिनच्या सामन्याला लेब्रॉन जेम्स प्रेक्षकांत बसला होता. शेवटी कॅन्ससविरुद्ध ५९-५७ अशी हार. शेवटच्या क्षणी करीभोवती दोघे धावून आले, त्याने चेंडू जेसन रिचर्ड्सकडे दिला, रिचर्ड्सची लांबची फेक हुकली. कॅन्ससचे प्रशिक्षक बिल सेल्फ तेव्हा कोर्टच्या कडेला गुडघ्यावर बसले होते. पुढच्या मोसमात करी सामन्याला २८.६ गुणांनी देशात पहिला. ड्राफ्टच्या दिवशी हा मुलगा कोण हे अमेरिकेत बास्केटबॉल बघणाऱ्या कोणालाही सांगावं लागत नव्हतं.

आता करीचा ड्राफ्ट, २००९ चा. तो सातवी निवड, म्हणजे आधी सहा खेळाडू गेले. मिनेसोटाने पाचवी आणि सहावी दोन्ही निवडी केल्या. म्हणजे संघ पाच: क्लिपर्स, मेम्फिस, ओक्लाहोमा सिटी, सॅक्रॅमेंटो, मिनेसोटा. साधी बेरीज आहे, पण हजारो लोकांनी पुढे ढकलताना कोणी केली नाही.

आणि "नाकारलं" हा शब्द. मला वाटतं आपल्याकडे गोंधळ इथे होतो, कारण आपल्या डोक्यात आयपीएलचा किंवा प्रो कबड्डीचा लिलाव असतो. तिथे सगळे संघ एकाच खेळाडूवर बोली लावू शकतात, त्यामुळे किंमत म्हणजे बाजाराचं मत. ड्राफ्टमध्ये बोली नसते. हरलेल्या संघांची सोडत निघते, त्या क्रमाने प्रत्येकाने एकेक नाव घ्यायचं. रेशनच्या रांगेसारखं आहे. पुढचा काय उचलतो ते त्याच्या घरात काय संपलंय त्यावर ठरतं. क्लिपर्सना ब्लेक ग्रिफिन हवाच होता. मेम्फिसकडे माइक कॉन्ली होता, ओक्लाहोमाकडे रसेल वेस्टब्रुक, दोघेही त्याच जागेवर खेळणारे. ओक्लाहोमाने तिसरा घेतलेला जेम्स हार्डन २०१८ चा एमव्हीपी, म्हणजे मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू. सॅक्रॅमेंटोने चौथा घेतलेला टायरीक इव्हान्स त्या मोसमाचा सर्वोत्तम नवोदित ठरला आणि करी दुसरा. त्या वर्षी कोणी सॅक्रॅमेंटोला वेड्यात काढत नव्हतं.

मिनेसोटाची बाजू मात्र मी घेणार नाही. करीच्याच जागेवर खेळणारे दोघे त्यांनी ओळीने उचलले. एक रिकी रुबियो, जो स्पेनमधून दोन वर्षांनी आला, दुसरा जॉनी फ्लिन, ज्याची कारकीर्द कमरेच्या दुखापतीने लवकर संपली. आणि मेम्फिसने दुसऱ्या क्रमांकावर सात फूट तीन इंचांचा हशीम थबीट घेतला, तोही चालला नाही. माती खाल्ली असेल तर या दोघांनी. पण आठव्या क्रमांकावर थांबलेल्या न्यूयॉर्कला करी हवा होता, आणि करीच्या घरच्यांनाही न्यूयॉर्कच हवं होतं. ६० जणांच्या यादीत सातवा, आणि मागचा संघ हात चोळत बसलेला. याला नाकारलेला म्हणतात का?

"कॉलेज झूट" म्हणणाऱ्यांसाठी त्याच घरातला धाकटा भाऊ आहे. सेथ करी ड्यूककडून खेळला. ड्यूक म्हणजे ड्राफ्टमध्ये दरवर्षी ज्यांची नावं येतात ते कॉलेज. २०१३ च्या ड्राफ्टमध्ये सेथचं नाव कोणीच घेतलं नाही. तरी तो पुढे वर्षानुवर्षं एनबीएत खेळला. डेव्हिडसनचाच ब्रँडन विल्यम्सही ड्राफ्टशिवाय एनबीएत पोचला होता. तसंच तिथल्याच जॅक गिब्जचं किंवा कोरियाहून आलेल्या ह्यून-जुंग लीचं नाव पुकारलं गेलं नाही, आणि कॉलेजात दोघेही भरपूर गुण करणारे. कॉलेजवरून ड्राफ्ट सांगता येत नाही आणि ड्राफ्टवरून कारकीर्द. मजकुराचा निष्कर्ष याच्या जवळ जातो खरा, पण गेलाय चुकीच्या रस्त्याने.

जाता जाता एक, कारण काही ग्रुपांवर डेव्हिडसनने आजवर किती खेळाडू दिले असे आकडेही फिरतात. जुन्या काळी ड्राफ्ट दहा-दहा फेऱ्या चालायचा, १९८९ पासून दोनच. तेव्हाच्या नवव्या फेरीतला आणि आजच्या दुसऱ्या फेरीतला एकाच रकान्यात मोजायचे नसतात.

राहिलं "शिक्षणावर पाणी सोडलं". २००९ मध्ये तीन वर्षं पूर्ण करून तो गेला, चौथं राहिलं. डेव्हिडसनचा नियम आहे की पदवी घेतल्याशिवाय जर्सी निवृत्त करत नाहीत, म्हणजे खेळाडूच्या सन्मानार्थ ती वर टांगत नाहीत. कॉलेजने आपल्या सगळ्यांत प्रसिद्ध विद्यार्थ्यासाठीही तो वाकवला नाही. करी एमव्हीपी झाला, विजेता झाला, ३० नंबर तसाच राहिला. मे २०२२ मध्ये समाजशास्त्रातली पदवी पूर्ण झाली, आणि ऑगस्टअखेर कॉलेजने त्याच्यासाठी वेगळा पदवीदान समारंभ केला. झगा घालून आला, प्रमाणपत्र घेतलं, त्याच दिवशी जर्सी वर चढली.

हे सगळं मी त्या बाबांना कोर्टच्या कडेला उभं राहून सांगितलं, अर्थात एवढं सलग नाही. मध्ये दोनदा शिट्टी वाजवावी लागली. ते म्हणाले, "म्हणजे सर, ग्रुपवरून डिलीट करू?" म्हटलं, करू नका, फक्त सहाच्या जागी पाच करा आणि खाली मॅककिलॉप लिहा. त्यांनी स्पेलिंग विचारलं.