किडनी बदलली की डोळे जातात? खुलासा

कोल्हापूर, कागल, गडहिंग्लजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘किडनी बदलली की डोळे जातात, डोळा लाल झाला तर आधी गोळ्या बंद करा.’ हे चुकीचं आहे, आणि त्यातला सल्ला तर घातकच.

नवीन किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, स्टेरॉइड अशा गोळ्या देतात. त्यांनी प्रतिकारशक्ती कमी होते. त्यामुळे क्वचित सीएमव्ही विषाणू किंवा बुरशी डोळ्याच्या आत शिरते. पण हे थोड्याच रुग्णांत होतं आणि लवकर सापडलं तर नजर वाचवता येते. सीएमव्हीवर गॅन्सिक्लोव्हिर आहे, बुरशीवर वेगळी औषधं. कधी थेट डोळ्यात इंजेक्शन देतात.

मुख्य म्हणजे, सीएमव्हीत डोळा बहुधा लाल होत नाही, दुखतही नाही. नजरेसमोर काळे ठिपके तरंगतात, कडेचं दिसेनासं होतं. एकेक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचून बघा. फरक वाटला तर त्याच दिवशी कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या नेत्रतज्ज्ञांकडे जा, बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या आणि प्रत्यारोपण झाल्याचं आधी सांगा. मेडिकलमधून स्वतःच्या मनानं ड्रॉप आणू नका. गोळ्या मनानं थांबवल्या तर किडनीच जाऊ शकते. डोस कमी करायचा का, ते तुमचे किडनीचे डॉक्टर ठरवतील.