ते कपाट रिकामं करू नका

आमच्या गावच्या (परभणी जिल्हा) वाचनालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या जोरात वाद चालू आहे. जागा कमी पडायली, यंदा अनुदानातून नवीन पुस्तकं घ्यायचीत, तर रहस्यकथा-साहसकथांचं कपाट रिकामं करून रद्दीत द्या असं दोन-तीन जणांचं म्हणणं. हलकं साहित्य आहे म्हणे, त्यानं वाचक घडत नाही. मी इकडं स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत राहतो, यादी ठरवणं तिथल्या लोकांचं काम आहे, पण हे वाचून गप्प बसवंना.

कारण साहसकथा लिहिणारा इंग्रजी कादंबरीकार अ‍ॅलिस्टर मॅक्लीन ह्याच शहरातला. 1922 चा जन्म, बाप चर्चमधे पाद्री, बालपण वर इन्व्हरनेसजवळच्या खेड्यात गेलं आणि घरात बोलायचे गेलिक, म्हणजे स्कॉटलंडची जुनी भाषा, इंग्रजी त्यानं नंतर शिकली, म्हणजे आपल्याकडं घरात लमाणी किंवा दखनी बोलणारं लेकरू शाळेत जाऊन पुस्तकी मराठी शिकतं तसंच. दुसऱ्या महायुद्धात तो नौदलात होता, रशियाला माल नेणाऱ्या जहाजांच्या ताफ्यांसोबत आर्क्टिकमधे फिरला. नंतर ग्लासगो युनिव्हर्सिटीत शिकला अन् रदरग्लेनच्या शाळेत मास्तर झाला. 1954 साली ग्लासगो हेरल्ड पेपरच्या कथास्पर्धेत त्याला 100 पौंडाचं पहिलं बक्षीस मिळालं, ती कथा वाचून कॉलिन्स प्रकाशनाच्या माणसानं त्याला गाठलं, कादंबरी लिही म्हणाला, आणि 1955 ला 'एचएमएस युलिसिस' आली. दोनच वर्षांनी 'गन्स ऑफ नॅव्हरोन'. जगभर कोटींनी पुस्तकं खपली, पिक्चर निघाले, मास्तरकी सुटली.

'युलिसिस' मी इथल्या थंडीत वाचली. डेकवर बर्फाचे थर चढतात, त्या वजनानं जहाज उलटू शकतं, म्हणून दिवसरात्र न झोपलेली पोरं ते फोडत बसतात. हे वाचताना हलकं काय अन् भारी काय हे डोक्यात येतच नाही, ती पोरं जिवंत राहतात का एवढंच येतं.

आता इथंही सगळं गोड होतं असं नाही. समीक्षकांनी मॅक्लीनला फार जवळ केलं नाही, आणि तो स्वतःच म्हणायचा की मी कादंबरीकार नाही, गोष्ट सांगणारा आहे. पुढं दारूनं त्याला खाल्लं, शेवटची पुस्तकं खरंच कमजोर आहेत, 1987 ला म्युनिकमधे गेला. तरी 1983 मधे त्याच ग्लासगो युनिव्हर्सिटीनं त्याला डी.लिट. दिली. आपल्याकडं बाबूराव अर्नाळकर अन् गुरुनाथ नाईक यांनी हजार-हजार रहस्यकथा लिहिल्या. अखिल भारतीय साहित्य संमेलन परभणीला झालं, उस्मानाबादला झालं, उदगीरला झालं, पण अध्यक्षपद ह्या दोघांच्या वाट्याला कधी आलं नाही.

आमचे बापू जिनिंगवर वॉचमन होते. एसटी स्टँडवरच्या स्टॉलमधून भाड्यानं रहस्यकथा आणायचे, कव्हर फाटलेलं, पानं तेलकट, रातपाळीत ती संपवायची अन् सकाळी परत करायची. सातवी शिकलेला माणूस, पण आयुष्यभर वाचत राहिला, पुढं पेपर वाचला, ज्ञानेश्वरी वाचली. माझ्या हातात पहिलं जाड पुस्तक त्यांनीच दिलं. वाचक घडत नाही म्हणणाऱ्यांना मला हे सांगायचंय.

आणि एक गोष्ट मला इथं आल्यावरच कळली. मॅक्लीनच्या सगळ्या कादंबऱ्या इंग्रजीत आहेत, गेलिकमधे एकही नाही. ज्या भाषेत तो आईशी बोलला तिच्यात असलं काही वाचणारं गिऱ्हाईक फारसं राहिलं नव्हतं, मग लिहिणार कुणासाठी. आपल्याकडं ते गिऱ्हाईक अजून आहे. त्याच्याच हातातलं पुस्तक काढून घेतलं तर ते पोरगं दर्जेदार कादंबरीकडं वळणार नाही, मोबाईलवर इंग्रजी-हिंदी सिरीज बघत बसंल, आणि त्यातल्या एखाद्याला उद्या लिहावंसं वाटलं तर मराठीत कशाला लिहील?

कपाटाच्या जागेचाच प्रश्न असंल तर नवीन कपाटाचे पैसे मी पाठवतो, सेक्रेटरी साहेबांना तसा मेसेज टाकलाय. रद्दीवाल्याला यायच्या आधी तेवढं कळवा, अन् कुणाच्या घरी गुरुनाथ नाईकांची जुनी पुस्तकं पडून असतील तर तीही वाचनालयात आणून द्या.