सोसायटीचं ठरलंय, तुम्ही फक्त बटण दाबा

पुणे महापालिकेची निवडणूक २०१७ नंतर थेट २०२६ मध्ये झाली. मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासकाची. त्यामुळे मतदान कसं करायचं, कुणाला करायचं, हे आपण विसरलो असू अशी काळजी आमच्या कमिटीला वाटली असणार. म्हणून मतदानाच्या आदल्या आठवड्यात लिफ्टमध्ये, टाकी धुण्याच्या नोटिशीवरच सेलोटेप लावून, एक पत्र अवतरलं. ‘सोसायटीतील सर्व रहिवाशांच्या वतीने एकमताने जाहीर पाठिंबा.’ खाली अध्यक्ष आणि सेक्रेटरींच्या सह्या, गोल शिक्का. हे एकमत झालं तेव्हा मी घरातच होते. मला कुणी विचारलं नाही, नवऱ्याला विचारलं नाही, शेजारच्या आजोबांना तर पत्र वाचायला चष्मा आणावा लागला. तरी एकमत झालं! पार्किंगच्या वादावर जे वर्षानुवर्षं होत नाही, ते एका संध्याकाळी झालं. अशा कर्तबगार कमिटीला साथ द्यायची तर मतदारानेही जरा वळण लावून घ्यायला हवं. म्हणून या सूचना.

सर्वप्रथम, स्वतः विचार करू नका. मेंटेनन्समध्ये तोही धरलेला असतो.

उमेदवार ‘सदिच्छा भेटी’ला येतील तेव्हा क्लबहाउसमध्ये वेळेवर हजर राहा, मागच्या खुर्च्या रिकाम्या दिसल्या तर फोटो वाईट येतो. शाल, श्रीफळ, बुके हे सगळं सोसायटीच्या खर्चातून होतं, त्यामुळे टाळ्या तरी स्वतःच्या वाजवा. प्रश्न विचारू नका. मी विचारला. म्हटलं, फेब्रुवारी संपला की आमच्याकडे टँकर सुरू होतात, ते कधी थांबणार? ‘ताई, तुमचा मुद्दा नोंदवून घेतलाय,’ असं उत्तर आलं. नोंदवून घेणाऱ्याच्या एका हातात बटाटेवडा होता, दुसऱ्या हातात चहाचा कप. वही कुठेच दिसली नाही. सेक्रेटरी नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘वहिनी, पाहुण्यांसमोर असलं काही काढत नाहीत.’

या निवडणुकीच्या वेळी संक्रांत १४ जानेवारीला आणि मतदान १५ ला होतं. त्यामुळे हळदीकुंकू डिसेंबरातच उरकलं तर पंचांगाला दोष देऊ नका. वाण घ्या, डब्याच्या झाकणावर कुणाचा फोटो आहे ते बघू नका.

आता जरा गणित. अध्यक्षांनी उमेदवाराला सांगितलेला आकडा असा: फ्लॅट २१२, घरटी चार माणसं, म्हणजे ‘साडेआठशे मतं आपलीच समजा’. या साडेआठशेत दुसरीतली पोरं आहेत, बंगळुरूला नोकरी करणारे आहेत, ज्यांचं नाव अजून साताऱ्याच्या यादीत आहे ते आहेत. मुख्य म्हणजे भाडेकरू आहेत. भाडेकरूला सर्वसाधारण सभेत बसता येत नाही, पाहुण्यांची गाडी आत आणता येत नाही, बॅचलर असेल तर रात्री दहानंतर मित्रसुद्धा आणता येत नाही. पण पाठिंब्यात तो पहिल्या रांगेत. त्याने याचा अभिमान बाळगावा.

प्रत्यक्ष मतदानही सोपं आहे. आपल्याकडे प्रभाग चार जणांचा, अ, ब, क, ड अशा चार जागा, मत चार वेळा द्यायचं. चारही जागांचं बटण दाबल्याशिवाय यंत्र बीप करत नाही. मुंबईकरांचं बरं आहे, एक वॉर्ड, एक नगरसेवक, एक मत. इथे चार माणसांची चौकशी करायची म्हणजे डोक्याला ताप, म्हणून कमिटीचा निरोप एकच: ‘पॅनेल टू पॅनेल’, म्हणजे चारही मतं एकाच पक्षाच्या पॅनेलला. मी सेक्रेटरींना विचारलं, अ मधले साहेब माहीत आहेत, बाकीच्या तिघांची नावं काय? म्हणाले, चिन्ह लक्षात ठेवा, नावांचं काय करायचंय? प्रत्येक जागेच्या यादीत शेवटी ‘वरीलपैकी कोणीही नाही’ असंही एक बटण असतं. त्याचा उल्लेख पत्रात करायला जागा पुरली नसावी.

कायद्याला घाबरू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० प्रमाणे मतासाठी काही देणं ही लाच आणि घेणं हीसुद्धा लाचच. पण लाच खाण्यापिण्याच्या रूपात असेल तर शिक्षा फक्त दंडाची. तेव्हा बटाटेवडा निर्धास्त खा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, ‘आपल्याला काय मिळालं’ हे विचारू नका, कारण उत्तर मिळतं. पेव्हर ब्लॉक! गेल्या वेळी बसवलेले अजून नीट आहेत, पण ते उखडून नवे, लाल-पिवळे. चार बाकडी, त्यांच्या पाठीवर नाव. गेटवर कॅमेरे. गच्चीवर सोलरचं ‘बघू’. हे सगळं गेटच्या आत. गेटच्या बाहेर पाय ठेवला की फूटपाथ नाही, ड्रेनेजचं झाकण वर आलेलं, शाळेच्या बससाठी पोरं रस्त्यातच उभी. आमची घरपट्टी त्या रस्त्यासाठी आहे की बाकड्याच्या पाठीवरच्या नावासाठी? रस्ता मागितला असता तर पलीकडच्या चाळीलाही मिळाला असता, रिक्षावाल्यालाही मिळाला असता. तेच बहुधा नको होतं. आपल्याला आपल्या कंपाउंडापुरतं पुणं हवंय. आणि वर हीच मंडळी पाच वर्षं क्लबहाउसमध्ये बसून काय बोलतात? ‘वस्तीतली मतं विकली जातात हो, म्हणून देशाचं असं झालंय.’ पाचशेची नोट, दारू, साडी, सगळी यादी तोंडपाठ. या निवडणुकीत पुण्यात थायलंडच्या सहलीची आणि गुंठाभर जमिनीची सोडत निघाल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा यांनीच सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हसण्याच्या इमोजींचा पाऊस पाडला. अहो, वस्तीत निदान माणसागणिक विचारतात! जिचं मत असतं तिच्या हातात पैसे पडतात. ती ते घेऊन आत कोणतं बटण दाबते ते तिचं तिला ठाऊक. इथे मत माझं, शिक्का तुमचा, आणि सौदा झाल्याचं मला लिफ्टमध्ये कळतं. ती विक्री आणि हा ‘विकास’ होय?

आता सरळच बोलते. कमिटी पाण्याचा पंप, सिक्युरिटी आणि कचरा बघायला निवडली जाते. आमचं मत बघायला नाही. अध्यक्षांना एखादा उमेदवार आवडत असेल तर त्यांनी खुशाल प्रचार करावा, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या लेटरहेडवर, स्वतःच्या चहाच्या पैशाने. सोसायटीचा शिक्का ड्रॉवरमध्ये ठेवून. आणि ‘एकमताने’ लिहायचं तर आधी सभा बोलवा, विषयपत्रिकेवर घ्या, हात वर करायला सांगा, किती खाली राहिले तेही लिहा. तेवढी हिंमत नसेल तर पत्र काढू नका.

आणि तुम्ही, जे हे वाचून मान डोलावताय, तुम्हीही त्या ग्रुपवर अंगठाच दाखवला होता. एकाने तरी ‘मला विचारलं नव्हतं’ असं लिहिलं? मी लिहिलं तर खाली लगेच सुप्रभातचे फुलांचे फोटो. वाईटपणा नको, उद्या गळतीचं काम अडेल, ही भीती. गळतीचं काम तसंही अडलेलंच आहे, सहाव्या मजल्यावरच्यांना विचारा. नळ बदलायचा असला तरी तीन कोटेशनं मागता तुम्ही लोक. अख्ख्या इमारतीची मतं मात्र एका बटाटेवड्यावर सोडून दिलीत. थोडी तरी लाज वाटू द्या.